उभयचर चिलखती गाडी निवडताना या चुका टाळा

भुसावळ-वरणगाव पट्ट्यात आयुध निर्माण्या असल्यामुळे चिलखती गाड्यांवर प्रत्येकाचं मत तयार असतं. उभयचर गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘पाण्यात किती पळते?’ खरेदीतली पहिली चूकही हीच.

अमेरिकेच्या मरीन कोअरने १९७२ पासूनच्या एएव्ही या उभयचर गाडीच्या जागी ईएफव्ही ही नवी गाडी बनवायला घेतली. अट होती लाटांवरून ताशी सुमारे ४६ किलोमीटर धावण्याची. त्यासाठी २,७०० अश्वशक्तीचं इंजिन आलं, त्यामागून गुंतागुंत आली. २००६ च्या चाचण्यांत गाडी सरासरी साडेचार तासांत बिघडत होती. सुमारे तीन अब्ज डॉलर खर्चून झाल्यावर जानेवारी २०११ मध्ये तेव्हाचे अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी प्रकल्प रद्द करायचं जाहीर केलं. गाडीचं बहुतेक आयुष्य जमिनीवर जातं, हे मागणीपत्रात कुणी ठळकपणे लिहिलंच नसावं!

खरी पंचाईत पाण्यातून बाहेर पडताना होते. तापीकाठ बघा: खोल गाळमाती, घळी, उभी दरड. तरंगत पलीकडे पोहोचाल, पण वर कसे चढणार? चाचणी संथ जलाशयात उरकू नका. अशा काठावर, पूर्ण भार भरून घ्या.

चिलखत वाढवलं की तरंगण्याची क्षमता घटते. अमेरिकेची ब्रॅडली ही सैनिक वाहून नेणारी चिलखती गाडी सुरुवातीला तरंगायची. वजन चढत गेलं आणि पोहणं सुटलं. म्हणून पुढच्या सुधारणांसाठी वजनाची जागा आधीच राखून ठेवा.

सगळ्यात महाग पडणारी चूक वेगळीच आहे: नवी गाडी येणार म्हणून जुनीची देखभाल सैल सोडणं. ३० जुलै २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन क्लेमेंटे बेटाजवळ एक एएव्ही बुडाली, नऊ जण गेले. चौकशीत गाड्यांची वाईट अवस्था आणि अपुरं प्रशिक्षण, दोन्ही पुढे आलं. आपल्याकडे पायदळाची उभयचर गाडी बीएमपी-२ ‘सारथ’ अजून सेवेत आहे, तिची जागा घेणाऱ्या गाडीची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तोवर दारांचे रबरी सील आणि पाणी उपसणारे पंप पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक वेळी तपासायलाच हवेत.

नवी गाडी जुन्या सवयीने चालवू नका. एएव्हीनंतर आलेल्या आठचाकी एसीव्हीला जुलै २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मोठ्या लाटांनी अडचणीत आणलं आणि तिथला लाटांमधला वापर थांबवावा लागला. अहिल्यानगरची व्हीआरडीई (डीआरडीओची वाहन संशोधन संस्था) आणि टाटांनी घडवलेली व्हॅप ही उभयचर चिलखती गाडीही आठचाकीच. तिच्या खरेदीचा विचार करताना चालकांच्या प्रशिक्षणाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.