फिजिओथेरपी की शारीरिक शिक्षण? आधी अटी शेजारी शेजारी मांडा

गोव्यातल्या मुलांनो, दोन्ही अभ्यासक्रम एकाच मापाने मोजू नका. बीपीटीला (फिजिओथेरपीची पदवी) बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवंच. बीपीईएसला (शारीरिक शिक्षणाची पदवी) कुठलीही शाखा चालते, पण बऱ्याच ठिकाणी मैदानी चाचणी घेतात, खेळाची प्रमाणपत्रं बघतात. महाराष्ट्रात बीपीटीचे प्रवेश नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात आणि राज्याच्या कोट्याला तिथलं अधिवास प्रमाणपत्र लागतं; पेडण्याहून सावंतवाडी कितीही जवळ असो.

सर्वांत जास्त घोळ गुणांचा होतो. पात्रतेचे किमान गुण वेगळे, गेल्या वर्षी यादी जिथे थांबली ते वेगळे. माहितीपत्रकात बहुतेकदा पहिलेच असतात, म्हणून दुसरे कॉलेजला फोन करून विचाराच. आणि गोव्यातल्या निवासाच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत निकालाआधीच जा.