खानदेश शिकवायचा असेल तर आधी तापी काढा

दुसऱ्या विभागातून बदलून आलेले तरुण शिक्षक मला हमखास विचारतात, "सर, पोरांना खानदेश कुठून शिकवायला घ्यायचा?" बहुतेकांनी तोवर जिल्हे, तालुके आणि क्षेत्रफळ फळ्यावर लिहून टाकलेलं असतं. माझा त्याला विरोध आहे. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. मग पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले, पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली आणि नंदुरबार तर १ जुलै १९९८ला वेगळा झाला. एवढ्या बदलत्या रेषांवर मुलांचा भूगोल उभा करू नका. नदीपासून सुरुवात करा.

फळ्यावर पूर्वेकडून पश्चिमेकडे आडवी रेघ ओढा. ही तापी. उगम मुलताईला, शेवट सुरतेपलीकडे समुद्रात, लांबी ७२४ किलोमीटर. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्री. आता उपनद्या मुलांकडून वदवून घ्या. दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. उत्तरेकडून सुकी, अनेर, अरुणावती, गोमाई. दक्षिणेच्या बहुतेक नद्या लांब, उत्तरेच्या आखूड आणि जोरात उतरणाऱ्या, हे मुलांना स्वतः दिसू द्या. घाई करून सांगून टाकू नका.

मग विचारा, केळी रावेर-यावल-चोपड्याकडेच एवढी का? सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या पायथ्याशी गोटे आणि वाळू टाकतात, पाणी तिथे जमिनीत मुरतं आणि त्या पट्ट्यातल्या विहिरी त्यावर चालतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच पट्ट्यात पाण्याची पातळी वर्षानुवर्षं खाली चालली आहे. या दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगा. केळीचं कौतुक करून पाण्याचं दुखणं लपवणं मला पटत नाही.

मी स्वतः साक्री तालुक्यातला, पांझरेकाठचा. म्हणून फडपद्धतीवर, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी वाटून घ्यायच्या जुन्या रीतीवर, जरा जास्त वेळ घ्या, असा माझा आग्रह आहे. पांझरेवर आणि बागलाणात मोसम नदीवर एकापुढे एक दगडी बंधारे आहेत, कित्येक शतकांपूर्वीचे. बंधाऱ्याला अडलेलं पाणी पाटाने शेतात येतं. पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग केलेले असतात, ते फड. एका फडात त्या हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं: या वर्षी इथे ऊस, तर पुढे दुसऱ्या फडात. पाणी शेतकरी आपल्या हाताने घेत नाही, पाटकरी देतो. जागल्या पीक राखतो, हवालदार या माणसांवर देखरेख करतो. साधारणपणे प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असते, त्यामुळे पाऊस कमी झाला आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो. नागरिकशास्त्राचा इतका चांगला धडा मला छापील पुस्तकात सापडला नाही. वर धरणं झाली, विहिरी-मोटारी आल्या आणि बरेच फड मोडले. तरी बंधारे उभे आहेत. पोरांना तिथे न्या आणि गावातल्या एखाद्या आप्पांना बोलवा. "आप्पा, तुमचा फड कोणता?" एवढाच प्रश्न विचारून गप्प बसा, पुढचं ते सांगतील.

कापूस थोडक्यात घ्या, पण कारणासकट. काळी माती ओल धरून ठेवते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि इथला भाव वाढला. त्याच सुमारास रेल्वे आली. भुसावळ, जळगाव एवढी मोठी का झाली, ते यातून उलगडतं. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजतात तेव्हा हाच धडा मुलांच्या ताटात येतो, तेही सांगा.

इतिहासासाठी त्याच रेघेवर परत या आणि काठावरची गावं मांडा. प्रकाशा: १९५५च्या उत्खननात इथे ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. थाळनेर: खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांचं पहिलं ठाणं, मागून ते बुऱ्हाणपूरला गेले. चांगदेव: तापी-पूर्णेचा संगम. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. असीरगड, बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहेत म्हणून नकाशातून गाळू नका. मालेगाव, बागलाणही एके काळी खानदेशातच होते. हे सगळं पेन्सिलीने काढून घ्या.

१८१८नंतरचा भाग शिकवताना सातपुडा शेवटच्या ओळीत ढकलला जातो, तसं होऊ देऊ नका. इंग्रजांनी १८२५ साली भिल्ल पलटण उभी केली ती डोंगर शांत बसत नव्हता म्हणून. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक, भीमा नाईक हे भिल्ल पुढारी इंग्रजांशी लढले, आंबापाणीची लढाई झाली. वर्गात पावरा किंवा भिल्ल मुलं असतील, तर धडगाव-अक्कलकुव्याच्या नद्यांची, शिखरांची नावं त्यांच्याकडून घ्या आणि ती म्हणतील तशीच फळ्यावर लिहा. तिथलं बरंचसं पाणी तापीकडे न जाता उत्तरेला नर्मदेकडे उतरतं, म्हणून तुमच्या फळ्यावर आता दुसरी रेघ लागेल. ती त्या मुलांपैकी एखाद्याला काढू द्या.