टांगणीपासून बरणीपर्यंत: घरच्या गांजाचं वाळवण आणि मुरवण

आधीच सांगतो, हे कॅनडात राहणाऱ्या मंडळींसाठी आहे, आणि त्यातही ऑन्टारियोसारख्या प्रांतातल्या, जिथे घरी झाड लावायला परवानगी आहे. १७ ऑक्टोबर २०१८ ला इथे कायदा लागू झाला, घरटी ४ झाडं. माणशी नाही हं, घरटी, म्हणजे घरात आई-बाबा-भाऊ-वहिनी धरून सहा जण राहत असले तरी चारच. क्वेबेकमधे घरी लावायला बंदी आहे. भाड्याच्या घरात किंवा कॉन्डोत असाल तर लीज आणि बिल्डिंगचे नियम आधी वाचा. आणि भारतातून वाचत असाल तर नुसतं वाचा आणि सोडून द्या, तिकडे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे, फुलोरा आलेलं एक झाड कुंडीत सापडलं तरी आयुष्याची वाट लागू शकते.

तर मुद्दा. झाड सगळेच नीट वाढवतात. चार महिने पाणी घालतात, खत घालतात, फोटो काढतात, आणि मग शेवटच्या पंधरा दिवसांत घाई करून सगळं मातीत घालतात. मी पण घातलंय. पहिल्या वर्षी माझ्या डोक्यात वाळवण म्हणजे आपलं वाळवण, कुरडया पापड सांडगे, गच्चीवर जुनी साडी अंथरायची आणि मे महिन्याचं ऊन. म्हणून मी डेकवर चादर टाकून दुपारच्या उन्हात कळ्या पसरल्या, आणि दुसऱ्या दिवशी ढग आले म्हणून उरलेला माल ओव्हनमधे टाकला. झालं काय, तर बाहेरून कुरकुरीत, आतून ओलसर, रंग गेलेला, आणि वास पेंढ्याचा. अक्षरशः गोठ्यातल्या पेंढ्याचा. चार महिन्यांची मेहनत दोन दिवसांत गुरांचा चारा.

हे झाडच वेगळं आहे. त्याचा सगळा अर्क त्या चिकट राळेत असतो, कळीवर साखर भुरभुरल्यासारखे जे दाणे दिसतात ना, ट्रायकोम, त्यात. त्यातली वासाची तेलं, म्हणजे टर्पीन्स, इतकी हलकी असतात की उष्णता मिळाली की उडून जातात, आणि ऊन टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याची पण वाट लावतं. म्हणजे इथे कुरडईचा नियम उलटा. यासाठी आठवायचा तो आढ्याला टांगलेला लसूण. सावली, वारा, आणि कोणी हात लावायचा नाही.

काढणीच्या दिवशी पहिलं काम कैचीचं नाही, डोळ्यांचं. ऑन्टारियोत बाहेरचं झाड काढायला येतं तेव्हा सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर असतो, रात्री दव, सकाळी धुकं, मधेच दोन दिवस पाऊस, आणि जाड कळीच्या पोटात बुरशी धरते. वरून कळी मस्त दिसते. खूण एकच, भरल्या हिरव्या कळीतून एखादं छोटं पान पिवळं-तपकिरी पडून मेल्यासारखं बाहेर आलेलं असतं आणि हलकंसं ओढलं की सहज हातात येतं. ते दिसलं की कळी उघडून बघा, आत राखाडी-तपकिरी भुगा दिसेल, दाबलं तर धूर उडाल्यासारखी धूळ उडते. ती कळी आणि तिच्या आजूबाजूचा भाग सरळ कचऱ्यात. "थोडंसंच आहे, कापून टाकतो" हा कोकणस्थी हिशोब इथे नको (मी स्वतः कोकणस्थ आहे, बोलू शकतो). जाळल्यावर बुरशी मरते असं समजून ओढणारे महाभाग आहेत, पण फुफ्फुसाचा त्रास असणाऱ्याला किंवा प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्याला ती भारी पडू शकते.

मग छाटणी. मोठी पंख्यासारखी पानं लगेच काढून टाका, त्यात पाणीच पाणी असतं. कळीला चिकटलेली छोटी पानं आत्ता काढायची की वाळल्यावर, यावर लोक भांडतात. माझं मत असं की तुमची खोली दमट असेल तर आत्ताच काढा, कोरडी असेल तर ठेवा, ती पानं वाळताना कळीभोवती मिटतात आणि पाणी हळूहळू जाऊ देतात. कैचीला राळ चिकटते, दर दहा मिनिटांनी रबिंग अल्कोहोलने पुसायची. हातमोजे घाला, नाहीतर मग बोटांवर जो काळा चीक जमतो तो साबणाने जात नाही, आधी खोबरेल तेल चोळावं लागतं. (तोच चीक म्हणजे हाताने मळलेला चरस, हिमाचलात असाच काढतात, पण तो वेगळा विषय.)

आता टांगणी. फांद्या वीतभर ते हातभर लांब ठेवून उलट्या टांगायच्या, कपड्याच्या हँगरवर, दोरीवर, कशावरही, फक्त एकमेकींना चिकटता कामा नयेत. खोली पूर्ण अंधारी. तापमान १८ ते २० डिग्री, ह्युमिडिटी ५५ ते ६० टक्के. फॅन लावायचा पण तोंड भिंतीकडे करून, कळ्यांवर थेट वारा नको, खोलीतली हवा नुसती हलती राहिली पाहिजे, फांद्या झुलायला लागल्या तर फॅन जास्त आहे. या हिशोबाने ८ ते १४ दिवस लागतात. चार दिवसांत वाळलं तर खूश होऊ नका, फार लवकर झालं.

इथे कॅनडाची खास भानगड. बेसमेंट उन्हाळ्यात दमट असतं म्हणून सगळे डिह्युमिडिफायर घेतात, आणि मग ऑक्टोबरात फर्नेस सुरू होतो आणि घरातली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, ह्युमिडिटी ३०-३५ वर येते. तेव्हा डिह्युमिडिफायर चालू असेल तर बंद करा, त्या खोलीचा व्हेंट झाका, फांद्या मोठ्या ठेवा, जमलं तर अख्खं झाडच बुडापासून कापून उलटं टांगा कारण जेवढं लाकूड जास्त तेवढं सावकाश वाळतं, आणि खोलीच्या कोपऱ्यात छोटा ह्युमिडिफायर लावा, झाडाच्या अंगावर वाफ येणार नाही असा. माल थोडाच असेल तर सोपा जुगाड आहे, मूव्हिंगचा मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्या, आरपार दोऱ्या ओवा, बाजूंना चार-सहा भोकं पाडा, त्यात टांगा. पुठ्ठा ओलावा शोषतो आणि सोडतो, आत एक आपोआप समतोल राहतो. मी दोन वर्षं असंच केलंय, काही बिघडत नाही.

वासाचं काय करायचं हे आधीच ठरवा. हा वास उदबत्तीने झाकला जात नाही, उदबत्ती लावली की उदबत्ती अधिक गांजा असा तिसराच काहीतरी वास येतो. कार्बन फिल्टरवाला छोटा फॅन मिळतो, तो लावा. आमच्याकडे व्हिडिओ कॉलवर आईला मागे टांगलेल्या फांद्या दिसल्या आणि म्हणाली, "अरे, अंबाडी एवढी कुठे मिळाली तुला तिकडे, आणि वाळवतोयस कशाला, भाजी कर की." पानं खरंच सारखी दिसतात, अंबाडीचं शास्त्रीय नावसुद्धा हिबिस्कस कॅनाबिनस आहे. मी म्हटलं हो आई, करतो.

वाळलं कधी समजायचं? कळी दाबून कळत नाही, वरून ती चौथ्या-पाचव्या दिवशीच कोरडी वाटते आणि इथेच सगळे फसतात. काडी बघायची. कळीच्या खालची बारीक काडी घ्या, पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडी जाड अशी, आणि वाकवा. नुसती वाकली, रबरासारखी, तर अजून ओली. पट्कन आवाज करून मोडली पण एका बाजूला सालीच्या एखाद्या धाग्याने लटकून राहिली, तर ती वेळ बरोबर. जाड फांदी मात्र अजून वाकतच असते, ती मोडायची वाट बघू नका, तोवर कळ्यांचा भुगा होईल. वजनाचा अंदाज हवा तर, ओल्या छाटलेल्या मालाचं पावपट ते पाचवा हिस्सा उरतं. कायद्यातसुद्धा १ ग्रॅम वाळलेला म्हणजे ५ ग्रॅम ओला असंच धरलंय. त्यामुळे ओलं वजन बघून मित्रांना वाटपाची आश्वासनं देऊ नका.

आता मुरवण. इंग्रजीत क्युअरिंग म्हणतात, पण आपल्याकडे याला शब्द आधीपासून आहे, लोणचं मुरतं ना, अगदी तसंच. कळीच्या पोटात अजून थोडा ओलावा असतो, बरणी बंद केली की तो बाहेरच्या कोरड्या भागात पसरतो, सगळीकडे सारखा होतो, हिरवा कच्चा वास हळूहळू जातो, घशाला लागणारा तिखटपणा कमी होतो.

काचेची बरणी घ्या, रबरी कडेच्या झाकणाची किंवा मेसन जार. प्लॅस्टिकचे डबे, झिपलॉक नको, आणि जिच्यात आधी लोणचं होतं ती बरणी तर अजिबात नको, कितीही घासली तरी हिंग-मोहरी राहतेच. पाऊण भरायची, ठासायची नाही, हलवली तर कळ्या सुट्या हलल्या पाहिजेत. एक गठ्ठा होऊन हलत असतील तर ओल्या आहेत, परत बाहेर काढून कागदावर पसरा.

प्रत्येक बरणीत एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे ह्युमिडिटी मोजणारा मीटर टाका, पाच-सात डॉलरला मिळतो, आणि टाकण्याआधी त्याची परीक्षा घ्या कारण स्वस्तातले सर्रास खोटं बोलतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन थेंब पाणी, मीठ ओलसर झालं पाहिजे पण विरघळायला नको, ते झाकण आणि मीटर एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवलं पाहिजे. ७१ दाखवलं तर तो ४ कमी सांगतो, बाहेर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. माझ्याकडचे चारपैकी दोन चुकीचे निघाले.

बरणी बंद करून २४ तासांनी बघा. ७० च्या वर असेल तर सगळं बाहेर, अर्धा-एक दिवस पसरून ठेवा. ६५ ते ७० असेल तर झाकण दोन-तीन तास उघडं. ५८ ते ६२ म्हणजे सोन्यासारखं. ५५ च्या खाली गेलं तर मुरणं जवळपास थांबतं, मग बाजारात ६२ टक्केवाल्या ओलाव्याच्या पुड्या मिळतात त्या टाकून थोडं सावरता येतं, पण उडालेला वास परत येत नाही. संत्र्याची साल किंवा बटाट्याची चकती टाका असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक ग्रुपमधे असतो, त्यांचं ऐकू नका, बुरशीला स्वतःहून आमंत्रण आहे ते.

पहिला आठवडा दिवसातून दोनदा झाकण उघडायचं, १०-१५ मिनिटं, बाळाला दूध पाजल्यावर ढेकर काढतात तसं, इंग्रजीतपण याला बर्पिंगच म्हणतात. कळ्या हलक्या हाताने खालीवर करा. दुसरा आठवडा रोज एकदा, मग तीन-चार दिवसांतून एकदा. झाकण उघडल्याबरोबर नाक पुढे करा, सगळ्यात चांगलं मीटर तेच आहे. पहिले दोन-तीन दिवस कापलेल्या गवताचा वास येईल, घाबरू नका, तो जातो. पण अमोनियाचा वास आला, म्हणजे सार्वजनिक मुतारीसारखा, तर आत ओलावा जास्त आहे आणि जिवाणूंनी काम सुरू केलंय, लगेच सगळं बाहेर काढून पसरा, तो वास गेला तरच परत भरा. आणि कुबट वास, तळघरातल्या भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले, तर ती अख्खी बरणी गेली. दुसऱ्या वर्षी माझी एक मोठी बरणी अशी गेली कारण दिवाळीच्या गडबडीत मी चार दिवस उघडलीच नाही. बायको म्हणाली, चकल्यांना जेवढं जपलंस तेवढं याला जपलं असतंस तर. खरं होतं, काय बोलणार.

दोन आठवड्यांत वापरण्यासारखं होतं, चार आठवड्यांत खरा फरक कळतो. नंतर बरणी अंधाऱ्या थंड कपाटात. फ्रिजमधे नको, उघडझाप करताना ओलावा वरखाली होतो, आणि फ्रीझरमधे ट्रायकोम ठिसूळ होऊन कळी हलवली की गळून तळाला बसतात. उजेड, ऊब आणि हवा लागत राहिली की टीएचसी झिजून सीबीएन नावाचं दुसरं द्रव्य होतं, मग नशा कमी होते. बरणीवर तारीख आणि झाडाचं नाव लिहा, तुम्हाला आठवेल असं वाटतं पण जानेवारीत चारही बरण्या सारख्याच दिसतात. कपाटाला कुलूप पाहिजेच, घरात पोरं असोत नसोत, पाहुण्यांची येतात. आणि खाण्याच्या डब्यांच्या रांगेत तर मुळीच ठेवू नका, ओवा समजून कोणी फोडणीत टाकला तर संध्याकाळ भलतीच होईल.

डिसेंबरात इंडियाला जाणार असाल तर बॅग भरायच्या आधी जॅकेटचे सगळे खिसे उलटे करा, बॅकपॅकचा तो छोटा चेनवाला कप्पा पण, आणि छाटणी करताना जे कपडे घातले होते ते घरीच ठेवा. कॅनडाच्या सीमेबाहेर एक चिमूटसुद्धा न्यायची परवानगी नाही, ना अमेरिकेत ना कुठे, आणि मुंबई एअरपोर्टवर कस्टमवाल्याला "अहो, आमच्याकडे लीगल आहे" हे सांगून काही उपयोग नाही. कळ्या चुरायचा ग्रायंडर पण घरी. मागच्या वेळी माझा टोरंटोत चेक-इनच्या रांगेत उभं असताना सापडला, हँडबॅगच्या तळाशी, मोज्यात गुंडाळलेला, आणि मी रांग सोडून कचऱ्याचा डबा शोधत फिरत होतो.