चीअरलीडिंग: हात नेमके थांबले तरच धारदार दिसतात

हात ढिले दिसले की बहुतेक जण वेग वाढवतात. वेग हवाच, पण नजरेत भरतो तो हात थांबतो तो क्षण. ‘हाय व्ही’ला (दोन्ही हात वर, इंग्रजी V सारखे) पोचलेला हात तिथे जरासा उसळला, की कितीही जोर लावा, मोशन, म्हणजे हातांची ठरलेली हालचाल, मऊच वाटते.

म्हणून आधी शेवटची जागा पक्की करा. आरशासमोर डोळे मिटून ‘टी’ (दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत बाजूला सरळ) करा आणि मग डोळे उघडा. एक हात खाली आलाय? खांदे कानांकडे चढलेत? मनगट वाकलंय? हे शेवटचं सगळ्यात जास्त खटकतं, अगदी लांबूनही. मूठ घट्ट, अंगठा बोटांच्या बाहेर. हात शरीराच्या रेषेपेक्षा किंचित पुढे ठेवा. समोर बघत असतानाच दोन्ही मुठी डोळ्यांच्या कडेला दिसल्या पाहिजेत.

वाट जवळची घ्या. कमरेवरून ‘हाय व्ही’ला जाताना हात मोठ्या गोलात फिरवू नका, मुठी छातीजवळून वर न्या आणि तिथून ठोसा मारल्यासारखे हात सोडा.

आता आठच्या मोजणीवर: एकला मोशन, चारपर्यंत अजिबात हलायचं नाही, पाचला पुढची. थांबताना पोट आणि पाठही आवळून धरा. हात थांबवायचं काम स्नायूंचं, कोपराच्या सांध्याचं नाही. कोपर झटक्याने उलट ताणलं तर दुखापत होते, विशेषतः ज्यांचे सांधे लवचिक आहेत त्यांनी जपावं.

सुरुवात सावकाश तालावरच करा. फोनवर स्लो मोशनमध्ये शूट केलंत तर हात उसळतोय का ते लगेच कळेल.