घोटा मुरगळल्यावर पुन्हा ट्रेलवर जाताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून झाल्यात)

मागच्या जुलैत सिंहगड उतरताना आतकरवाडीच्या वाटेवर शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि घोटा असा वळला की खाडकन आवाज मला स्वतःला ऐकू आला. लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) गेलं, सहा आठवडे पळणं बंद आणि डिसेंबरच्या एसआरटी अल्ट्राचं (सिंहगड-राजगड-तोरणावाली लांब पल्ल्याची डोंगरी शर्यत) जे ठरवलं होतं ते पाण्यात.

परत पळायला लागलो आणि पहिली चूक तिथेच केली. जुना प्लॅन जिथे सोडला होता तिथूनच उचलला, वर बुडालेले आठवडे भरून काढायचे म्हणून किलोमीटर वाढवले. अहो, बुडालेले आठवडे भरून निघत नसतात, तो काय ईएमआय आहे का. सरळ नवीन प्लॅन काढा आणि त्यात किलोमीटर लिहूच नका, मिनिटं लिहा. 30 मिनिटं, त्यात जमेल तसं पळणं-चालणं, आणि पळताना बाजूच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे एवढाच वेग.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण दम लवकर परत येतो. तीन-चार आठवड्यांत वाटायला लागतं की झालं, आलो फॉर्मात. पण लिगामेंट आणि टेंडनला (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) रक्तपुरवठा कमी, त्यांना वेळ लागतो, म्हणजे इंजिन तयार आणि चाकाचे नट ढिले. मी तर पळताना दुखायचं थांबतंय म्हणजे बरं आहे असं समजायचो. ते अंग गरम झाल्यामुळे असतं, खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताना लागतो. आदल्या दिवशीपेक्षा जास्त आखडलाय किंवा सुजलाय तर कालचं जास्त झालं, विषय संपला.

आता उतार. चढावर सगळे घाबरतात पण वाट लागते ती उतारावर. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, म्हणून सवय सुटलेली असेल तर पाय त्या दिवशी नाही, परवा बोंबलतात. त्यात पावसाळा संपला की वाट सुकून घसारा सुरू होतो, बारीक मुरूम बॉल बेअरिंगसारखा पायाखालून पळतो. मोठ्या ढांगा टाकून टाचेवर ब्रेक मारू नका, पावलं छोटी आणि पटपट, नजर पायाशी नको, तीन-चार पावलं पुढे. मी दोन रविवार सिंहगड फक्त चढलो, 600 मीटरच्या आसपास चढ आहे, भरपूर होतो, आणि खाली शेअर जीपने आलो. ग्रुपमध्ये चेष्टा झाली. होऊ दे. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला वेळ मिळाला, जो आधी घड्याळ चालू असल्यामुळे कधी मिळालाच नव्हता.

बॅलन्सचा व्यायाम तर सगळेच टाळतात कारण त्यात घाम येत नाही आणि स्ट्राव्हावर (पळण्याची नोंद ठेवणारं अ‍ॅप) दिसत नाही. मुरगळल्यावर पाय कसा पडलाय हे मेंदूला कळवणारी यंत्रणाच मंद होते, म्हणून तोच घोटा परत परत वळतो. दात घासताना एका पायावर उभे राहा, जमलं की डोळे मिटून. मी पहिल्यांदा चार सेकंदात बेसिन पकडलं. सोबत पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, सावकाश.

बुटांचं थोडक्यात, तळाचे रबरी खिळे झिजलेत तर ते रोडला वापरा, ट्रेलला नको.

आणि स्ट्राव्हावर जुने टाइम बघणं बंद करा. मी महिनाभर घड्याळ घरी ठेवून पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेलो, खाणीपर्यंत आणि परत, उभा चढ आला की चाललो (अल्ट्रावाले पण चालतातच, उगाच लाज वाटून घेऊ नका). एवढी वर्षं तिथे पळतोय, पण सकाळी मोर किती ओरडतात हे तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं, आधी कानात हेडफोन आणि डोक्यात पेस असायचा.

एसआरटीचं विचाराल तर अजून फॉर्म भरला नाहीये. आधी आतकरवाडीची वाट पूर्ण उतरून दाखवायची, त्या दगडावरून पण, आणि परवा जिना उतरता आला पाहिजे. मग बघू.