पोटाच्या तक्रारी, सुया आणि माझी पहिली दोन वर्षं

अ‍ॅक्युपंक्चर शिकायला नवीन आलेल्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात, अ‍ॅसिडिटीला कुठला पॉइंट (म्हणजे सुई लावायची ठरलेली जागा), गॅसला कुठला, पोट साफ होत नसेल तर कुठला. मीही हेच विचारायचे. माझी एक वही होती, डावीकडे तक्रार, उजवीकडे पॉइंटचा नंबर, आणि परीक्षेत त्या वहीने चांगले मार्क मिळवून दिले, पण क्लिनिकल ट्रेनिंग सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात "गॅस होतो" म्हणणारे तीन पेशंट लागोपाठ आले, मी तिघांसाठी तेच चार पॉइंट लिहिले आणि मॅडमनी कागद न बघताच परत दिला. म्हणाल्या, तिघांना विचारून ये, गॅस म्हणजे नक्की काय होतं.

विचारलं. पहिलीचं म्हणणं, जेवण झालं की पोट जड होतं, लगेच झोप येते, शी कायम सैल, थकवा. दुसऱ्याचं पोट घरी एकदम ठीक, ऑफिसात मीटिंग असली की बरगड्यांखाली ताण, ढेकरा, मग मुरडा येऊन दोन-तीनदा पातळ शी, की परत ठीक. तिसरा चार दिवसांपूर्वी तुडुंब जेवला होता, तेव्हापासून करपट ढेकर आणि अन्नाचा वाससुद्धा नको. चिनी वैद्यकात या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली स्प्लीनच्या 'ची'ची कमतरता ('ची' म्हणजे शरीरात वाहणारी शक्ती), दुसरी लिव्हरने स्प्लीनवर दादागिरी केलेली (पुस्तकात अर्थातच सभ्य शब्द आहे), तिसरी अन्न तुंबून राहणं. पहिलीच्या जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटलेले, जीभ फिकट आणि सुजल्यासारखी, तिसऱ्याच्या जिभेवर जाड चिकट थर, आणि दुसऱ्याची नाडी डाव्या मनगटावर मधल्या बोटाखाली ताणलेल्या तारेसारखी, जी मला तेव्हा अजिबात कळली नाही, मॅडमना कळली. नाडी येत नाही म्हणून पहिल्या वर्षी रडू नका, खरंच. मला ताणलेली आणि घरंगळती या दोन नाड्यांमधला फरक बोटांना कळायला दीड वर्ष लागलं.

आता इथे एक धोक्याची सूचना, कारण यात मी स्वतः तोंडावर पडलेय. मी एका बाईंना उत्साहाने सांगितलं, "तुमची स्प्लीन कमजोर आहे". त्या घाबरून दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफी करून आल्या, रिपोर्ट नॉर्मल, आणि मग माझ्यावर भडकल्या, बरोबरच होतं त्यांचं. चिनी वैद्यकातली स्प्लीन, तिथला मूळ शब्द 'पी', म्हणजे शरीरातली खरी प्लीहा नव्हे, खाल्लेल्याचं पचन करून ते सगळीकडे पोचवणारं जे काही काम आहे त्या सगळ्या कामाला दिलेलं ते नाव आहे. लिव्हरचंही तसंच, तिच्याकडे ची मोकळी वाहती ठेवायचं काम, म्हणून राग आणि टेन्शन तिच्या खात्यात. ही भाषा वर्गात आणि केस पेपरवर ठेवा, पेशंटशी बोलताना सरळ सांगा की तुमचं पचन मंद पडलंय किंवा टेन्शनचा परिणाम पोटावर होतोय.

प्रश्न विचारायची चिनी वैद्यकात मोठी जुनी परंपरा आहे, मिंग काळातल्या चांग जिंगयुए या वैद्याने 10 प्रश्नांची पद्यात यादी केली होती, थंडी-ताप, घाम, डोकं-अंग, शी-शू, खाणं-पिणं असं करत करत, आणि विद्यार्थी ती अजून पाठ करतात. पण यादी पाठ असून माणसाच्या शीबद्दल तोंड उघडून विचारता यायला हवं ना. मला पहिले दोन महिने लाज वाटायची, पेशंट "पोट साफ होत नाही" म्हणाला की मी मान डोलवून पुढे जायचे. त्याचा अर्थ चार दिवसांतून एकदा कडक खडा असाही असतो, आणि रोज तीनदा जाऊनसुद्धा अजून राहिलंय असं वाटणं असाही असतो, दोघांची ट्रीटमेंट जवळपास उलटी. शेवटी मी ब्रिस्टल चार्टचं चित्र टेबलावर ठेवायला लागले, त्यात शीचे 7 प्रकार काढलेले आहेत, पेशंट बोट ठेवतो, दोघांचाही संकोच वाचतो. हा चार्ट आधुनिक वैद्यकाचा, पण उपयोगी पडतंय ते घ्यायचं. आणि आपल्या भाषेत तर पोटासाठी इतके शब्द आहेत, जळजळ, मळमळ, कळ, मुरडा, गुबारा, तडस, आंबट पाणी, करपट ढेकर, पेशंट यातला कुठला शब्द निवडतो ते जसंच्या तसं लिहून घ्या, तिथे स्वतःचं भाषांतर करू नका.

पॉइंटचं बोलूया, कारण ते ऐकल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. पोटाचा राजा त्सू-सान-ली, म्हणजे स्टमक 36 (स्टमकच्या रेषेवरचा 36 वा पॉइंट). गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला जो खळगा असतो तिथून 3 त्सुन खाली आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर. जुन्या एका चिनी पद्यात शरीराच्या चार भागांना एकेक मुख्य पॉइंट नेमून दिलाय त्यात पोटाच्या वाट्याला हाच येतो. 3 त्सुन म्हणजे चार बोटं एकत्र धरून होणारी रुंदी, पण पेशंटची बोटं, तुमची नव्हे. हे वर्गात दहा वेळा सांगतात आणि तरी पहिल्या महिन्यात सगळे आपलाच हात लावतात, मी एका सडपातळ मुलीला माझ्या बोटांनी मोजून सुई लावली ती जवळजवळ अंगठाभर खाली गेली, तिला काही वाटलंच नाही, "लागली का?" विचारत होती. बरोबर जागी सुई गेली की जड, भरल्यासारखं, कधी पायाच्या दिशेने सरकणारं काहीतरी जाणवतं त्याला तं-ची म्हणतात. झोंबणारी आग झाली तर ते तं-ची नाही, सुई सरळ कातडीत अडकलीय, काढा.

याच्या जोडीला नेइग्वान, मनगटाच्या घडीपासून 2 त्सुन वर, दोन शिरांच्या मध्ये (शिरा म्हणजे इथे स्नायूंचे दोरे, टेंडन), मळमळ आणि उलटीसाठी. बोटीत, गाडीत लागणाऱ्यांसाठी मनगटाचे पट्टे मिळतात ना, ते याच पॉइंटवर दाबतात. ऑपरेशननंतरच्या आणि केमोथेरपीच्या मळमळीवर या पॉइंटचा अभ्यास झालाय, अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या 1997 च्या तज्ज्ञ बैठकीनेही तिथे परिणाम आशादायक असल्याचं म्हटलं होतं. मग बेंबी आणि छातीच्या हाडाचं टोक यांच्या बरोबर मध्ये झोंगवान, बेंबीच्या दोन्ही बाजूंना 2 त्सुनवर थिएनशू. बेंबीत सुई नाही, कधीच नाही, तिथे मीठ भरून वर मोक्सा, म्हणजे वाळलेल्या दवण्याच्या जातीतल्या वनस्पतीचा कापूस जाळून शेक देतात. हातावरचा हेगू आणि घोट्याच्या वरचा सान-यिन-ज्याव हे दोन पॉइंट गरोदर बाईला लावत नाहीत, त्यामुळे मळमळीची पेशंट आली की आधी तो प्रश्न.

सगळ्यात भीती पाठीची बाळगा. स्प्लीन आणि स्टमकचे पाठीवरचे पॉइंट छातीच्या भागातल्या 11 व्या आणि 12 व्या मणक्याच्या बाजूला येतात, बरगड्यांचा भाग आहे तो, सरळ खोल सुई गेली तर फुफ्फुसाला भोक पडू शकतं. तिरकी, उथळ. पहिलं वर्ष सिनियर समोर असल्याशिवाय मी तिथे हात लावला नाही आणि त्यात काही कमीपणा नाही.

पोट आणि सुया यांचा एक मजेशीर इतिहास आहे. 1971 साली जेम्स रेस्टन हा न्यूयॉर्क टाइम्सचा पत्रकार चीनमध्ये असताना त्याचं अपेंडिक्स दुखलं, बीजिंगच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आणि अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरची लाट आली ती त्याने लिहिलेल्या लेखानंतर. लोक छातीठोकपणे सांगतात की त्याचं ऑपरेशन सुयांची भूल देऊन झालं, आमच्या वर्गातही कोणीतरी सांगितलं. चूक आहे ते. भूल नेहमीच्या इंजेक्शनचीच होती, सुया लावल्या त्या नंतर, पोट फुगून त्रास व्हायला लागला तेव्हा, उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली, आणि पोटाजवळ वनस्पतीची जळती कांडी धरून शेक. म्हणजे ती सगळी लाट आपल्या 'गॅस'वरूनच उठली म्हणा.

आता अभ्यासांबद्दल, इथे नवीन लोकांची फार गडबड होते, एक तर सगळं सिद्ध झालंय म्हणतात नाहीतर सगळं थोतांड म्हणतात. 2020 मध्ये चीनमधल्या एका मोठ्या चाचणीत जेवल्यावर पोट जड होणाऱ्या 278 लोकांना 4 आठवड्यांत 12 वेळा सुया लावल्या, खऱ्या सुयांच्या गटात 83 टक्क्यांना फरक वाटला, खोट्या सुयांच्या (तुलनेसाठी लावलेल्या, खऱ्या उपचाराच्या नव्हे) गटात साधारण 52 टक्क्यांना. छान आकडा आहे, पण त्या 52 कडेही बघा. आणि त्याच्याही आधी, 2008 मध्ये हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांच्या गटाने आयबीएसच्या (पोटदुखी आणि बिघडलेली शी असा आतड्याचा रेंगाळणारा त्रास) 262 लोकांवर जो प्रयोग केला तो मी प्रत्येक नवीन मुलाला सांगते. त्यात खरी सुई कोणालाच नव्हती. एका गटाला नुसतं थांबवून ठेवलं, त्यांच्यातल्या 28 टक्क्यांना 3 आठवड्यांनी बरं वाटलं. दुसऱ्याला खोटी सुई, पण कामापुरतं बोलून, 44 टक्के. तिसऱ्याला तीच खोटी सुई, पण आधी बसून नीट ऐकून घेतलं, आपुलकीने विचारपूस केली, 62 टक्के. हे वाचून मी दोन दिवस उदास होते, म्हणजे आपण शिकतोय ते काय मग. नंतर वाटलं, आयबीएसच्या पेशंटचं दहा मिनिटं ऐकणं हा ट्रीटमेंटचाच भाग असेल तर तो मी फुकट का घालवतेय. तेव्हापासून आधी खुर्ची, मग बेड.

औषधी वनस्पती हा पूर्ण वेगळा अभ्यास आहे, सुयांच्या छोट्या कोर्सवर त्यात उडी घेऊ नका. स्प्लीनच्या कमतरतेचं मूळ औषध म्हणजे चार सज्जनांचा काढा, जिनसेंग, पाय-चू, फू-लिंग आणि भाजलेलं ज्येष्ठमध. वाचायला किती निरुपद्रवी वाटतं. पण ज्येष्ठमध जास्त दिवस जास्त प्रमाणात गेलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं, आणि पेशंट आधीच बीपीच्या गोळ्या घेत असेल तर तुम्ही त्याच्या डॉक्टरचं काम बिघडवताय. मळमळीवरचं पान-श्या कच्चं विषारी असतं, आलं वगैरे घालून प्रक्रिया केलेलंच वापरायचं. आणि नावांचा घोळ तर विचारू नका, पोट फुगण्यावर देतात ते मू-शियांग म्हणजे कुष्ठाचं मूळ, पण छिंग-मू-शियांग म्हणून दुसरंच एक मूळ आहे, त्यात किडनी खराब करणारं अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड असतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांमध्ये असाच एका वनस्पतीच्या जागी दुसरीचा घोळ झाला होता, कितीतरी बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. म्हणून औषध लिहिताना वनस्पतीचं लॅटिन नाव लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कधी सुई लावायचीच नाही हे मला एका काकांनी शिकवलं. तीन आठवडे अ‍ॅसिडिटी, जेवल्यावर बरं वाटतं, थोडा थकवा. मी मनात पॉइंट जुळवत होते, मॅडमनी एकच विचारलं, शीचा रंग? काका म्हणाले डांबरासारखी काळी. लोहाच्या गोळ्या घेता का? नाही. त्यांना तसंच्या तसं हॉस्पिटलला पाठवलं, अल्सरमधून रक्त जात होतं. काळी किंवा रक्ताची शी, कारण नसताना उतरणारं वजन, गिळायला अडचण, झोपेतून उठवणारं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असलं तर आधी डॉक्टर, सुया मागाहून. आणि जबडा किंवा हाताकडे जाणारी, घाम फोडणारी 'अ‍ॅसिडिटी' ही हृदयाची असू शकते, तिथे मिनिटभरही घालवायचं नाही.

बाकी पटकन सांगते. कोर्स निवडताना तुम्ही जिथे काम करणार त्या देशाचा कायदा आणि नोंदणीचे नियम आधी वाचा, मग फी भरा, उलट करणारे बरेच भेटलेत. प्रत्यक्ष पेशंटवर किती तास मिळणार हे विचारा, नुसते व्हिडिओ असतील तर सोडा. सुया एकदाच वापरायच्या, निर्जंतुक, टाकायला टणक डबा. सराव आधी साबणाच्या वडीवर, मग स्वतःच्या पायावर, त्सू-सान-ली हाताशीच आहे. उपाशी पेशंटला झोपवल्याशिवाय सुई नको, चक्कर येते, आणि पोटाचे पेशंट हमखास "त्रास होईल म्हणून काही खाल्लंच नाही" म्हणत उपाशी येतात. चक्कर आलीच तर सगळ्या सुया काढायच्या, पाय वर, कोमट पाणी.

आणि सहा सिटिंगनंतर काहीच फरक नसेल तर पॉइंट वाढवत बसू नका, पुन्हा पहिल्यापासून विचारा. माझा एक पेशंट होता, पोट फुगणं आणि पातळ शी, मी स्प्लीन धरून सहा वेळा सुया लावल्या, मोक्सा दिला, ढिम्म. सातव्या वेळी त्याच्याकडून दिवसभराचं सगळं खाणं-पिणं लिहून घेतलं तर हा गडी ताकद यावी म्हणून रोज दोन मोठे ग्लास दूध पीत होता, माझ्याकडे यायला लागल्यापासून तर तीन. दूध बंद करायला सांगितलं, दहा दिवसांत पोट जागेवर. तो मात्र अजूनही सगळ्यांना सांगतो की सातव्या सिटिंगला सुई लागू पडली.