बोर्ड बदलू नका, आधी बायोस उघडा

देवगडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आंब्याचा सीझन लागायच्या तोंडावर एक बागायतदार काका सीपीयू रिक्षात घालून घेऊन आले. "ह्यो विंडोज ११ घेणा नाय. मुंबयत दाखवलंय, ते म्हणतत बोर्ड बदलूक होयो." कॉम्प्युटर २०१९ चा, प्रोसेसर इंटेलचा आय-थ्री, नवव्या पिढीचा. मदरबोर्ड बदलायची काहीच गरज नव्हती. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम नावाची सिक्युरिटी चिप आत होती, फक्त बंद होती.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून असे सीपीयू माझ्याकडे बरेच येतात. म्हणून सगळं एकदा लिहूनच ठेवतो.

आधी चिप चालू आहे का ते बघा. विंडोजचं बटण दाबून आर दाबा. चौकोन उघडेल, त्यात इंग्रजीत टीपीएम, मग टिंब, मग एमएससी असं जागा न सोडता टाइप करा आणि एंटर मारा. 'रेडी फॉर यूज' दिसलं की उजवीकडे खाली 'स्पेसिफिकेशन व्हर्जन' बघा, तिथे २.० हवं. शेजारी मॅन्युफॅक्चरर व्हर्जन म्हणून वेगळाच आकडा असतो. तो बघून 'माझं जुनं व्हर्जन आहे' म्हणत घाबरलेली दोन-तीन माणसं मी पाहिली आहेत. 'कम्पॅटिबल टीपीएम कॅनॉट बी फाउंड' आलं, तरी चिप नाहीच असं समजू नका. काकांच्या स्क्रीनवर हेच होतं.

आता बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये जायचं. मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ २ टिचकत राहा. एचपीला बहुतेक एफ १० लागतं. हल्लीची मशीनं इतकी झटकन सुरू होतात की बोट पोचत नाही. मग शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असं जा.

खरी गोम पुढे आहे. तिथे टीपीएम हे नाव सापडेलच असं नाही. बहुतेक घरगुती बोर्डांवर वेगळी चिप बसवलेली नसते, ते काम फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर करतं; बोलताना आपण त्यालाही चिपच म्हणतो. इंटेलवाले त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीवाले एफटीपीएम. काही बोर्डांवर ते सिक्युरिटीखाली 'ट्रस्टेड कम्प्युटिंग' किंवा 'सिक्युरिटी डिव्हाइस सपोर्ट' म्हणून असतं, काहींवर ॲडव्हान्स्डमध्ये 'पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन'च्या पोटात. काकांचं तिथेच सापडलं. पीटीटी डिसेबल्ड होतं, एनेबल केलं, एफ १० दाबून सेव्ह केलं. पाच मिनिटांचं काम.

"क्लिअर टीपीएम" असं काही दिसलं तर त्याला हात लावू नका, आतल्या किल्ल्या पुसल्या जातात. आणि डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, तर बायोसला हात लावण्याआधी तिची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळते.

लाईटची भीती मात्र सगळ्यांना असते. आमच्याकडे वारं सुटलं की लाईट जाते. सेटिंग बदलताना गेली तर सहसा काही बिघडत नाही, मशीन चालू करून परत करायचं. पण बायोस अपडेट करताना गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो, म्हणून ते इन्व्हर्टर असल्याशिवाय नकोच.

पीटीटी चालू करूनही विंडोजला चिप दिसली नाही, तर बोर्ड लेगसी किंवा सीएसएम मोडवर, म्हणजे सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीवर आहे का बघा. तो मोड मात्र डोळे झाकून बदलू नका. डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीची असेल तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी ती जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागते. हे कोणा माहितगाराला बसवूनच करा.

आठवड्याने काका परत हजर. "परत गेला रे!" स्क्रीनवरचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं, तेव्हाच कळलं. बोर्डावरची सीआर २०३२ ची बटणसेल बसली होती. ती बसली आणि लाईट गेली की बायोस मूळ सेटिंगवर येतं आणि पीटीटी पुन्हा बंद. सेल बदलली, पीटीटी चालू केलं. काकांनी पेट्यांच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं: "पीटीटी, सेल बदलल्यावर बघणे."